पोझिशन एजंटला विचारू नका, सौद्यांतून काढा

शिरपूरहून तुम्ही विचारलेला प्रश्न मी असा समजलो. पाच लाख रुपयांच्या आभासी भांडवलावर तुम्ही पेपर ट्रेडिंग सुरू केले आहे आणि त्यासाठी तीन एआय एजंट, म्हणजे भाषा-मॉडेलवर आपोआप काम करणारे प्रोग्रॅम, लावले आहेत. एक बातम्या आणि भाव पाहतो, दुसरा खरेदी-विक्रीचा निर्णय घेतो आणि तिसरा पोझिशनचा, म्हणजे हाती कोणते शेअर्स आणि करार किती आहेत याचा, हिशेब ठेवून संध्याकाळी अहवाल देतो. शेअर्सबरोबर एमसीएक्स या कमॉडिटी बाजारावरील गोल्ड मिनीचे वायदेही (ठरावीक मुदतीचे सोन्याचे करार) त्यात आहेत. सुरुवातीला सगळे जुळत होते; आता एजंट एक नफा सांगतो, गूगल शीट दुसरा दाखवते आणि तुम्ही कागदावर मांडलेला आकडा तिसराच येतो. यावर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि हे बसल्यावर मित्रांना घेऊन स्पर्धा चालवता येईल का, असे तुम्ही विचारता.

सॉफ्टवेअरकडे येतो, पण खरी अडचण आधी सांगतो. तुमच्याकडे पोझिशन तीन ठिकाणी साठवलेली आहे आणि त्यांतली अस्सल कोणती हे कोठेच ठरलेले नाही. अशा स्थितीत चौथे सॉफ्टवेअर आणले तर चौथा आकडा मिळेल. मी जळगावात सराफ आणि जिनिंगवाल्यांचे हिशेब संगणकावर आणण्याचे काम करतो आणि गेली काही वर्षे वायदे करणाऱ्यांसाठी अशाच नोंदींच्या प्रणाली बांधून देतो. पेढीवर रोजमेळात व्यवहार घडेल तसा लिहिला जातो आणि खतावणी, म्हणजे खातेवार बाकी, त्यावरून काढली जाते. खतावणीत बाकी चुकलेली दिसली तर कोणीही मुनीम ती बाकी खोडून दुरुस्त करत नाही, रोजमेळात जाऊन चूक शोधतो. पोझिशनचे नेमके तसेच आहे. ती साठवून ठेवण्याची वस्तू नाही. प्रत्येक वेळी सौद्यांच्या नोंदींवरून नव्याने काढण्याची बाकी आहे. तुमच्या रचनेत मात्र तिसरा एजंट खतावणी तोंडपाठ ठेवतो आणि रोजमेळ कोणीच लिहीत नाही.

तोंडपाठ ठेवणे हे भाषा-मॉडेलचे काम का नव्हे, हे एकदा स्पष्ट झाले की पुढचे निर्णय सोपे जातात. मॉडेल मागील संभाषणाचा मजकूर वाचून पुढचा मजकूर तयार करते. संभाषण लांबले की बहुतेक एजंट-प्रणाली जुन्या भागाचा सारांश करून जागा मोकळी करतात, आणि त्या सारांशात ‘240 शेअर्स, सरासरी 512.35’ याचे ‘सुमारे 240 शेअर्स, 512 च्या आसपास’ होऊन बसते. पुढच्या वेळी त्याच अंदाजावर बेरीज होते आणि अहवाल मात्र पैशापर्यंत नेमका दिसतो. एजंट खोटे बोलत नाही, पण आठवत नसलेल्या जागी शोभेल असा आकडा भरतो, आणि हिशेबात शोभणारा आकडा उघड चुकीच्या आकड्यापेक्षा अधिक त्रासदायक असतो, कारण तो कोणी तपासत नाही. पहिले काही दिवस सगळे जुळत होते याचे कारणही हेच: तोपर्यंत सर्व सौदे संभाषणात जसेच्या तसे उपलब्ध होते.

म्हणून पहिला बदल असा करावा की तिसरा एजंट काढून टाकावा आणि त्याच्या जागी साधा प्रोग्रॅम ठेवावा, ज्यात एआय अजिबात नाही. उरलेल्या एजंटांना तीनच साधने द्यावीत: भाव विचारणे, सौद्याची मागणी नोंदवणे आणि पोझिशन पाहणे. ‘पोझिशन बदला’ असे साधन कोणत्याही एजंटच्या हाती असू नये. ही साधने तुमच्या एजंट-सॉफ्टवेअरमधील फंक्शन-कॉलने (मॉडेलने प्रोग्रॅममधील ठरलेले काम बोलावणे) द्या किंवा अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या, मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याच्या एमसीपी या खुल्या पद्धतीने द्या; फायदा सारखाच आहे. एमसीपीने एवढे साधते की उद्या मॉडेल बदलले तरी हिशेबाची बाजू जशीच्या तशी राहते. एजंट फक्त मागणी करतो. पैसे पुरेसे आहेत का, बाजार चालू आहे का, सौदा कोणत्या भावाला भरला गेला, हे प्रोग्रॅम ठरवतो आणि नोंद करतो. तुमच्याकडे एकाहून अधिक एजंट सौदे करणार असतील, तर प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे; एकाच खात्यात दोघांचे सौदे मिसळले की कोणाचा निर्णय बरा होता हे नंतर सांगता येत नाही.

नोंदीची एक ओळ कशी असावी, ते जवळून पाहू. तीत सौद्याचा क्रमांक, मागणीचा क्रमांक, मागणीची वेळ, सौदा भरल्याची वेळ, कोणत्या एजंटची मागणी, कोणता शेअर किंवा करार, खरेदी की विक्री, नग, भाव, तो भाव कोठून घेतला, एकूण खर्च आणि एजंटने दिलेले कारण, एवढे असावे. यांतला मागणीचा क्रमांक लोक वगळतात, आणि निम्मी भांडणे तेथूनच निघतात. समजा, एजंटने 50 शेअर्सची खरेदी मागितली, तुमच्या प्रोग्रॅमने नोंद केली, पण उत्तर परत जाण्याआधी इंटरनेट तुटले. एजंटला वाटते मागणी पोहोचलीच नाही, म्हणून तो ती पुन्हा पाठवतो, आणि खात्यावर 100 शेअर्स चढतात. संभाषणात मात्र एकाच खरेदीचा उल्लेख राहतो. मागणी तयार होतानाच तिला एक क्रमांक द्यावा, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जावा, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर ‘एकदाच’ अशी अट घालावी. दुसऱ्यांदा आलेली मागणी आपोआप नाकारली जाते आणि एजंटला पहिल्याच सौद्याचे उत्तर मिळते. ज्या भागात वीज आणि नेट दोन्ही मध्येच जातात, तेथे हा क्रमांक ऐच्छिक समजू नये.

झालेली नोंद बदलू किंवा पुसू नये. चूक सापडली तर उलट नोंद करावी आणि मग बरोबर नोंद करावी. एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये दोन लहान ट्रिगर (आपोआप लागू होणारे नियम) लिहून बदल आणि पुसणे बंदच करता येते, आणि मी ते नेहमी करतो, कारण एजंटला डेटाबेस थेट उघडण्याची मुभा मिळाली की तो कधी तरी ‘दुरुस्ती’ करण्यास जातो. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवावी. संगणकाच्या दशांश आकड्यांत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 होत नाही. वेळ एकाच प्रमाणात ठेवावी. बहुतेक सर्व्हर यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ लावतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि दिवसाची सीमा चुकली की आजचा सौदा कालच्या अहवालात जातो.

आता सोने. तुमच्या तीन आकड्यांतील सर्वांत मोठा फरक येथूनच आला असावा, असा माझा अंदाज आहे. एमसीएक्सवर गोल्डचा मोठा करार एक किलोचा असतो आणि गोल्ड मिनी 100 ग्रॅमचा. दोन्हींचा भाव मात्र दहा ग्रॅमला सांगितला जातो. त्यामुळे भाव एक रुपयाने हलला तर मोठ्या करारात 100 रुपयांचा आणि मिनीत 10 रुपयांचा फरक पडतो. गोल्ड गिनी आठ ग्रॅमची आणि तिचा भावही आठ ग्रॅमला, गोल्ड पेटल एक ग्रॅमचा आणि त्याचा भाव एका ग्रॅमला. त्या दोन्हींत एक रुपयाला एकच रुपया. चांदीचा मोठा करार 30 किलोचा आणि भाव किलोला. एजंट ‘100 ग्रॅम’ वाचतो आणि भावातील फरकाला थेट 100 ने गुणतो. मिनीत भाव 400 रुपयांनी वाढला तर खरा नफा 4,000 रुपये होतो. अहवालात तो 40,000 दिसतो. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला हा गोंधळ ऐकूनच हसू येईल, पण मॉडेलला भाव कशाचा आहे हे कोणी लिहून दिलेले नसते. प्रत्येक करारासाठी गुणक (भाव एक रुपयाने हलल्यास किती रुपयांचा फरक), लॉट (एका करारातील नग) आणि मुदत यांची स्वतंत्र यादी ठेवावी आणि प्रोग्रॅमने फक्त तीच वाचावी. लॉट बदलतातही: नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या निफ्टी निर्देशांकाच्या नव्या करारांचा लॉट 25 वरून 75 झाला. म्हणून यादीतील प्रत्येक ओळीला ‘कधीपासून लागू’ ही तारीख हवी.

सोन्याबद्दल आणखी एक. 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या पुढे गेला, म्हणजे मिनीच्या एका कराराची किंमत दहा लाखांवर गेली. तुमचे सगळे आभासी भांडवल पाच लाख आहे. वायद्यात पूर्ण किंमत द्यावी लागत नाही, मार्जिन, म्हणजे किमतीचा काही भाग अनामत म्हणून, अडकते आणि रोजच्या बंद भावावर नफा-तोटा रोखीत जमा-नावे होतो. तुमचा प्रोग्रॅम वायद्याची पूर्ण किंमत रोखीतून वजा करत असेल तर रोख शिल्लक उणे जाईल. काहीच वजा करत नसेल तर एजंट हवे तितके करार घेत सुटेल. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. माझा सल्ला असा की मार्जिनचा हिशेब बसेपर्यंत मिनी बंद ठेवावा आणि सराव पेटलवर करावा.

वेळेमुळेही फरक पडतो. शेअर बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो. एमसीएक्सवर सोने सकाळी नऊपासून रात्री साडेअकरापर्यंत आणि अमेरिकेत हिवाळी वेळ असताना अकरा पंचावन्नपर्यंत चालते. तुमचा संध्याकाळचा अहवाल आणि जेवणानंतर उघडलेली शीट यांत सोन्याचा भाव वेगळा असणारच. अहवालाला एक ठरावीक वेळ आणि प्रत्येक भावाला त्याची स्वतःची वेळ असली पाहिजे. सुट्ट्यांची यादी एक्स्चेंजची घ्यावी, एजंटच्या आठवणीतली नको. 2025 च्या लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचे सौदे नेहमीप्रमाणे संध्याकाळी न होता 21 ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन या वेळेत झाले. ‘मुहूर्त संध्याकाळी असतो’ या सर्वसाधारण ज्ञानावर चालणारा एजंट त्या दिवशी रिकाम्या बाजारात मागण्या पाठवत बसला असता.

कागदावरचा आणि शीटवरचा आकडा वेगळा येण्यामागे दुसरे एक कारण असू शकते, आणि त्यात कोणाचीच चूक नसते. समजा, तुम्ही एक शेअर 500 रुपयांना 100 आणि पुढे 560 ला 100 घेतला, आणि 120 शेअर्स 550 ला विकले. आधी घेतलेले आधी विकले असे धरले तर वसूल नफा 4,800 रुपये येतो, आणि उरलेल्या 80 शेअर्सवर 550 च्या भावाने 800 रुपयांचा तोटा दिसतो. सरासरी 530 धरली तर वसूल नफा 2,400 आणि उरलेल्यांवर 1,600 नफा. दोन्हीकडे बेरीज 4,000 च आहे. बेरीज जुळते पण भाग जुळत नाहीत असे दिसले की प्रथम येथे पाहावे. भारतात डीमॅट खात्यातील शेअर्सचा भांडवली नफा पहिल्या रीतीने मोजतात, म्हणून मीही तीच वापरतो. एजंटच्या कामगिरीची तुलना एवढाच हेतू असेल तर सरासरीही चालते. एक निवडा आणि सर्वत्र तीच ठेवा.

बोनस, विभाजन आणि लाभांश यांना सौद्यांच्याच वहीत वेगळ्या प्रकारची नोंद हवी. रिलायन्सने एकास एक बोनस दिला, त्याची रेकॉर्ड तारीख (बोनसला कोण पात्र हे ठरवणारी) 28 ऑक्टोबर 2024 होती. त्या सकाळी भाव निम्मा झाला आणि शेअर्स दुप्पट. ज्या नोंदीत फक्त भाव बदलला, तेथे रातोरात अर्धे भांडवल बुडालेले दिसते, आणि घाबरलेला एजंट विक्रीची मागणी करतो.

सौदा कोणत्या भावाला भरला असे धरायचे, यात मात्र तडजोड करू नये, कारण पेपर ट्रेडिंगमधला बहुतेक खोटा नफा येथे तयार होतो. एजंटने ज्या भावाकडे पाहून निर्णय घेतला, त्याच भावाला सौदा झाला असे धरणे चूक आहे. निर्णयानंतर उपलब्ध होणारा पुढचा भाव घ्यावा, खरेदीला विकणाऱ्याचा आणि विक्रीला घेणाऱ्याचा. तो मिळत नसेल तर स्वतःच्या विरुद्ध बाजूने थोडी घट (खरेदीला जास्त, विक्रीला कमी भाव) धरावी. किती, हे शेअरवर अवलंबून आहे. रोज कोट्यवधींची उलाढाल असणाऱ्या शेअरला अगदी थोडी पुरते, लहान कंपनीला बरीच लागते. वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल भावमर्यादेला, अडकलेल्या शेअरची खरेदी तर भरलीच जाऊ नये, कारण तेथे विकणारा नसतो. गूगल शीटमधील गूगलफायनान्स हे सूत्र एनएसई या शेअर बाजाराचे भाव देते, पण ते 20 मिनिटांपर्यंत उशिरा असू शकतात, आणि सूत्र दर वेळी नव्याने चालत असल्याने कालच्या अहवालातील आकडा आज बदललेला दिसतो. दिवसअखेरीचा भाव म्हणून सूत्र न ठेवता आकडा चिकटवावा. भाव मिळालाच नाही तर शेवटचा भाव वापरा, पण त्यापुढे ‘शिळा’ अशी खूण आणि वेळ ठेवा. (मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत चोवीस तास चालू ठेवलेला जुना लॅपटॉप हे भाव शिळे होण्याचे आमच्याकडचे नेहमीचे कारण आहे; महिना काही शे रुपयांचा भाड्याचा सर्व्हर त्यापेक्षा स्वस्त पडतो.)

खर्च धरल्याशिवाय निकाल वाचूच नये. शेअर डिलिव्हरीला (त्याच दिवशी न विकता) घेऊन विकला तर एसटीटी हा सौद्यांवरील कर दोन्ही बाजूंना 0.1 टक्का आणि खरेदीवर मुद्रांक शुल्क 0.015 टक्के लागते. एक लाखाच्या एका फेरीला दलाली न धरताही 215 रुपये जातात. एजंट उत्साही असतात. महिन्यात तेच लाख वीस वेळा फिरवले तर 4,300 रुपये केवळ करात गेले. हे दरही तारखेसह साठवा: फ्युचर्सच्या (शेअर बाजारातील वायद्यांच्या) विक्रीवरील एसटीटी 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.0125 वरून 0.02 टक्के झाला होता, आणि असे बदल होत राहतात.

मागील वर्षांच्या भावांवर एजंट चालवून ‘इतका परतावा मिळाला असता’ असे काढण्याचा मोह तुम्हाला होईल. साध्या नियमांच्या प्रोग्रॅमसाठी ती रीत ठीक आहे, भाषा-मॉडेलसाठी नाही. मॉडेलने त्या वर्षांच्या बातम्या आणि बाजाराची वर्णने प्रशिक्षणातच वाचलेली असतात. मार्च 2020 मध्ये काय झाले हे त्याला ठाऊक आहे, तारीख लपवली तरी संदर्भावरून ते ओळखू शकते. अशा चाचणीतील नफा आठवणीचा असतो. मॉडेलचे प्रशिक्षण जेथे संपले त्यानंतरचा काळच मोजावा, आणि खरे तर आजपासून पुढे चालणारा सरावच धरावा. तुमचे पेपर ट्रेडिंग पुढच्या दिशेने चालू आहे, ही तुमच्या रचनेतील सर्वांत चांगली गोष्ट आहे.

आता सॉफ्टवेअर. आठवड्याला मोजके सौदे आणि एकच एजंट असेल तर शीट पुरते, फक्त सौद्यांचे पान आणि पोझिशनचे पान वेगळे ठेवा आणि पोझिशनच्या पानावर हाताने काही लिहू नका. तुमच्यासारखे अनेक एजंट आणि वायदे असतील तर मी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एस्क्यूलाइट सुचवेन. ते फुकट आहे, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो आणि बॅकअप म्हणजे त्या फाइलची प्रत. एक काळजी घ्या: रोख तपासणे आणि सौदा नोंदवणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसच्या एका अखंड टप्प्यात), सुरुवातीलाच कुलूप लावून करा. नाही तर 50,000 शिल्लक असताना दोन एजंट एकाच क्षणी ती पाहतात आणि दोघेही 40,000 ची खरेदी करून जातात. प्रोग्रॅमिंगपेक्षा हिशेबाची सवय असेल तर बीनकाउंट पाहा. त्यात साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जमा-नावे लिहितात आणि खरेदीचे गट भावासह सांभाळले जातात, मात्र एजंटच्या मागण्या तपासणारा भाग तुम्हालाच जोडावा लागतो. तयार हवे असेल तर ओपनअल्गो या भारतीय मुक्तस्रोत प्रकल्पात सरावाची सोय आहे. अमेरिकी शेअर्ससाठी अल्पाका या ब्रोकरचे पेपर खाते एजंटला जोडण्यास सोपे आहे, पण त्यात लाभांश धरला जात नाही आणि तुमच्या सौद्याने भाव हलतो हेही धरले जात नाही. या तयार साधनांत पैसे मोजून घ्यावे असे तुमच्या प्रमाणाला काहीही नाही.

मित्रांच्या स्पर्धेविषयी माझे मत स्पष्ट आहे: चालू भावांवर ती चालवू नका. बाजार नियामक सेबीने 24 मे 2024 च्या परिपत्रकाने आभासी ट्रेडिंग आणि खेळांसाठी चालू भाव पुरवण्यास मनाई केली, आणि शिक्षणासाठी भाव द्यायचे तर ते एक दिवस जुने असावेत असे त्या वेळी सांगितले. घरी एकट्याने सराव करणे आणि इतरांना सामील करून क्रमवारी लावणे, त्यातही प्रवेश-फी किंवा बक्षीस ठेवणे, यांत मोठा फरक आहे. मित्रांना दाखवायचेच असेल तर तुमचा कोड द्या. त्यांनी तो आपापल्या घरी चालवावा. पुढे खऱ्या पैशांवर एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट ब्रोकरकडे मागणी पाठवून, सौदे करण्याचा विचार आला, तर सेबीचे 4 फेब्रुवारी 2025 चे अल्गो ट्रेडिंगविषयीचे परिपत्रक आणि त्यानंतरचे बदल ब्रोकरकडून समजून घ्या.

जुना गोंधळ निस्तरायचा तर एजंट एका शनिवारी थांबवा. शुक्रवारच्या बंद भावाने कागदावरचे खुले सौदे आणि रोख शिल्लक ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून नव्या वहीत लिहा, कारण तीन आकड्यांपैकी कागद हाच एक असा आहे ज्याची प्रत्येक ओळ तुम्ही स्वतः लिहिलेली आहे. सोन्याचा गुणक तेवढा तपासून घ्या. मागचे संभाषण एजंटला देऊ नका. सोमवारपासून रोज रात्री, एमसीएक्स बंद झाल्यावर, प्रोग्रॅमने वहीतून पोझिशन काढावी आणि एजंटला स्वतंत्रपणे ‘तुझ्याकडे काय आहे’ असे विचारावे. उत्तर जुळले नाही तर पोझिशन वहीचीच धरायची, आणि तो फरक वेगळ्या फाइलमध्ये तारखेसह लिहायचा. काही आठवड्यांनी ती फाइल उघडली की कोणते मॉडेल कोणत्या प्रकारच्या सौद्यात भरकटते हे तुम्हाला दिसेल, आणि मॉडेल बदलायचे की सूचना बदलायच्या, हे तेव्हा ठरवा.